मासा गरीब आहे हो

—चावेल का, चावेल का! साहेब, तुम्ही आत येऊन दहा मिनिटं झाली नाहीत आणि हे तिसऱ्यांदा विचारताय. तिसऱ्यांदा तेच उत्तर देतो, ऐका — चावेल. नाहीतर नाही चावणार. हसू नका, याच्याहून खरं उत्तर तुम्हाला कुठल्याच दुकानात मिळायचं नाही. आणि काचेवर बोट आपटू नका, त्याला कळतं सगळं, शिवाय ठसा उमटतो आणि पुसायचं काम माझ्याकडे येतं. बघा ना, दिसतो कसा — बोटभर लांबी, पाठ जांभळी, पोटाशी नारिंगी, सगळा मिळून एका काडेपेटीत मावेल. आणि नाव काय? कोरल ब्यूटी! कोरलाची, म्हणजे प्रवाळाची शोभा म्हणे. हे नाव ज्यानं ठेवलं ना, त्याच्या घरी कोरल नव्हतं एवढं मी लिहून देतो. बोक्याला दुधाचा राखणदार म्हणावं तसलं ते. तोंड बघा त्याचं, टाचणीच्या डोक्याएवढं, पण आत कंगव्यासारखे बारीक दात. दिवसभर दगडावरचं शेवाळ कुरतडत हिंडायचं हा त्याचा धंदा. आता चरता चरता शेजारी एखादं मऊ, फुगलेलं, गुबगुबीत कोरल दिसलं की घेतो एक चावा. आवडलं तर रोज घेतो. नाही आवडलं तर परत फिरकत नाही. कुणाला आवडेल आणि कुणाला नाही हे देवालाही सांगता येत नाही, दुकानदाराला कुठून सांगता येणार? आणि सांगता येत असलं तरी दुकानदार सांगत नाही — म्हणजे, बाकीचे दुकानदार म्हणतोय मी.

काय दाखवताय? मोबाईल? दाखवा, दाखवा. 'पोट भरलेलं ठेवलं की चावत नाही.' बरोबर आहे, वाचलंय मी. दिवसातून तीनदा खायला घाला, काचेला चिमट्यानं वाळवलेलं शेवाळ लावून ठेवा, टाकी मोठी असू द्या, दगड भरपूर असू द्या, आणि मासा सगळ्यात शेवटी सोडा — सगळं बरोबर लिहिलंय. पोट भरलेला माणूस चोरी करत नाही असंही लिहिलेलं असतं. बघितलाय का तुम्ही असा माणूस? मी तर सगळ्या चोऱ्या भरल्या पोटी होतानाच बघितल्या. आणि गंमत सांगू का, इथं जो येतो तो मला विचारायला येतच नाही. घ्यायचं घरून ठरवून आलेला असतो. माझ्या तोंडून फक्त 'न्या, काही होत नाही' एवढं ऐकायचं असतं, म्हणजे उद्या काही झालं तर बोट दाखवायला एक माणूस हवा. तुम्हीही त्यासाठीच आलात. नाही? बरं, नाही तर नाही.

ते पुलाचे इंजिनिअर होते ना — नाही, तुम्ही नसाल ओळखत — नदीवर पूल बांधतात ते. मोठा माणूस, आवाजही पुलावरून बोलल्यासारखा. आले, असाच मासा बघितला, म्हटलं साहेब, कोरल आहे का घरी? म्हणाले आहे, पण माझा नाही चावणार. माझा! अजून पिशवीत बांधला नव्हता तोवर ह्यांचा झाला. सहा आठवड्यांनी परत. पिशवीत मासा, आणि चेहरा असा की जावयानं मुलगी परत पाठवली. 'घ्या तुमचा गुंड,' म्हणाले. आता तो माझा झाला बरं का! त्याला पकडायला अर्धी टाकी उपसली होती त्यांनी, एकेक दगड बाहेर काढला. पूल बांधणारा माणूस, पण टाकीतला दगडांचा डोंगर परत उभा करता आला नाही. शेपटीला एक खाच पडली होती माशाच्या, त्या धरपकडीत. त्रिकोणी खाच, कात्रीनं कापल्यासारखी. बाकी ठणठणीत. मी ठेवून घेतला.

मग काय, मग विकला. दुकान आहे साहेब, अनाथाश्रम नाही. कुणाला म्हणजे — एका बाईंना. त्यांच्याकडे कोरल होतं का? होतं. आता तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. सांगितलं ना, लोक ऐकत नाहीत. त्यांना मासा आवडला, रंग आवडला, त्यांनी मागितला, मी दिला. एवढीच गोष्ट. शिकण्यासारखं एवढंच, की मऊ मांसाचं मोठं कोरल असेल तर हा मासा नेऊ नये. तुमच्याकडे आहे का तसलं? मेंदूसारखं, वळ्यावळ्यांचं? आम्ही मेंदूच म्हणतो त्याला. नाही? बरं झालं. त्यांच्याकडे होतं. एकोणीस वर्षांचं. चहाच्या बशीएवढं आणलेलं, ते वाढून वाढून जेवायच्या ताटाएवढं झालेलं. हिरवं — पण हिरवं म्हणजे कसलं, आतून दिवा लावल्यासारखं. दिवे मालवले की त्याच्या कडेनं बारीक बारीक बोटं बाहेर यायची, अन्न शोधायला. मी पाहिलंय म्हणून सांगतो.

त्यांनी नव्हतं आणलं ते, त्यांच्या यजमानांनी आणलेलं. माझ्याकडूनच. दुकान उघडलं त्या वर्षीचं माझं पहिलं गिऱ्हाईक. इस्पितळात एक्स-रे काढायचे, म्हणून आम्ही त्यांना एक्स-रेवालेच म्हणायचो. म्हणायचे, दिवसभर लोकांची हाडं बघून जीव विटला, आता घरी काहीतरी मऊ ठेवतो. मी म्हटलं, अहो, याच्याही आत हाडंच आहेत, दगडासारखा सांगाडा असतो. तर म्हणाले, असू दे, मी याचा फोटो काढणार नाही. असा माणूस. दर महिन्याला यायचे, काही घ्यायचं नसलं तरी यायचे. त्या स्टुलावर बसायचे. नाही, तुम्ही बसा, तसं काही नाही, स्टूल आहे ते.

ते गेले. आजार होता, चार-पाच महिने चालला. दोन महिन्यांनी बाई आल्या दुकानात. पहिल्यांदाच पाहत होतो मी त्यांना. हातात वही. कोर्टात स्टेनो होत्या, बत्तीस वर्षं लघुलिपीत लिहिलं त्यांनी, नुकत्याच निवृत्त झालेल्या. साक्षीदार खोकला तरी 'साक्षीदार खोकला' असं लिहिणाऱ्या. समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'टाकीत काय काय करायचं असतं ते सांगा, मी लिहून घेते.' मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. वहीत बघितलं तर काय, नुसत्या वाकलेल्या टाचण्या! एक अक्षर कळेल तर शपथ. मी म्हटलं, बाई, हे तुम्हाला वाचता येतं का? तर म्हणाल्या, 'मला तेवढंच वाचता येतं.' आणि ती हसली — त्या हसल्या.

मग दर गुरुवारी. एक गुरुवार त्या इकडे, एक गुरुवार मी त्यांच्या घरी, टाकी बघायला. चौथा मजला, लिफ्ट बंद असायची बहुतेक. टाकी बैठकीच्या खोलीत, खिडकीपासून लांब, समोर दोन खुर्च्या — एक त्यांची, एक यजमानांची. मी उभाच राहायचो आधी. मग एकदा त्याच म्हणाल्या, 'बसा हो, खुर्ची आहे ती.' बसलो. कॉफी द्यायच्या, कडू, साखर विसरायच्या. मी कधी मागितली नाही. पाण्याचा खारटपणा कसा मोजायचा, फिल्टर कधी धुवायचा, मेंदूला कोळंबीचा तुकडा कसा भरवायचा — सगळं शिकवलं. एका वर्षात ती बाई माझ्यापेक्षा हुशार झाली! मी काही सांगायला गेलो की वही उघडायच्या आणि म्हणायच्या, 'मार्चमध्ये तुम्ही याच्या उलट सांगितलं होतं.' आणि असायचंच उलट सांगितलेलं. माझी ताई — मोठी बहीण, वरच्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो — ती एका गुरुवारी जिन्यात उभी राहून म्हणते, 'काय रे, मासे बघायला जाताना इस्त्रीचा शर्ट लागतो का?' मी म्हटलं, कोर्टातली बाई आहे, नीट जावं लागतं. ताई म्हणाली, 'हो का? मग दाढी आरोपीची म्हणून करतोस की वकिलाची म्हणून?' तिची जीभ म्हणजे अशी आहे. मी बोललोच नाही चार दिवस तिच्याशी.

काय? हो, माशाचं सांगतो ना. मासा, मासा. म्हटलं ना तुम्हाला, त्यांना आवडला, त्यांनी मागितला. चौदा तारखेचा गुरुवार. त्या दुकानात आलेल्या. आल्या आणि म्हणाल्या, 'आता मला सगळं येतं. वर्षभर तुम्हाला फार त्रास दिला. यापुढे गुरुवारचं यायला नको, काही अडलं तर मीच फोन करेन.' छान हसून म्हणाल्या, आभार मानायला आल्या होत्या. आणि मग — मग त्यांनी मासा मागितला.

नाही मागितला.

आता तुम्ही काय मला कोर्टात उभं करणार आहात का? नाही मागितला त्यांनी. मी दाखवला. मी म्हटलं, बाई, एवढी सुंदर टाकी पण रंग कमी पडतोय, हा बघा. त्यांनी बघितला आणि तुमच्यासारखंच विचारलं — चावेल का? आणि मी — जो तुम्हाला तीनदा 'सांगता येत नाही' म्हणालो तो मी — काय म्हणालो? म्हणालो, 'छे हो! हा मासा गरीब आहे. गाय आहे गाय.' त्यांनी लिहून घेतलं. हो, तोच मासा. शेपटीला खाच असलेला. किती मासे होते माझ्याकडे! दुसरे दोन होते त्याच टाकीत, कोवळे, कुठल्या कोरलाला तोंड न लावलेले. जाळी मीच घातली, मीच निवडून काढला. म्हणजे काही अडेल. म्हणजे फोन येईल. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ना, तसं, फक्त इथं कुंपणानं त्यासाठी एक मासा नेमला.

उभे का राहिलात? बसा. आता ऐकलंच आहे तर पुरतं ऐका. माझं तोंड वाईट नाही, एरवी मी गिऱ्हाइकांशी असलं बोलत नाही.

फोन आठवड्यात आला. 'अहो, तो कोरलाजवळ जातो आणि कोरल आक्रसतं.' मी गेलो. त्या गुरुवारी खुर्चीत बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं — दगडामागून यायचा, एक टोचा मारायचा, आणि निघून जायचा, साळसूद. कोरल अंग चोरून घ्यायचं. पुन्हा फुलायला तास लागायचा, तोवर हा पुन्हा हजर. मी काय सांगावं? सांगितलं, 'कोरल म्हातारं झालंय, माशाचा दोष नाही.' लिहिलं त्यांनी. पुढच्या गुरुवारी वळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसायला लागल्या, आतला सांगाडा. तेव्हा त्या म्हणाल्या, मासा काढा. बरं म्हटलं, काढतो. आणि मग माझं नाटक सुरू झालं साहेब. काय ते नाटक! गुडघ्यावर बसून, बाह्या मागे सारून, जाळी इकडून घाल, तिकडून घाल, जमिनीवर हे पाणी, बाई टॉवेल घेऊन मागे. मी दम लागल्यासारखं करायचो. 'फार चपळ आहे हो.' मग कॉफी. दुसऱ्या गुरुवारी 'जाळी लहान पडली.' तिसऱ्या गुरुवारी 'मोठी जाळी आणतो.' चौथ्या गुरुवारी 'दगड हलवले तर डोंगर ढासळेल, धीर धरा.' सव्वीस वर्षं मासे पकडतोय मी, डोळे बांधून हात घातला तरी मासा हातात येतो. आणि तुम्हाला खरं सांगू, त्या चार गुरुवारी मी जेवढा हसलो तेवढा आधी कधी हसलो नव्हतो. त्याही हसायच्या, मी एकदा कोपरापर्यंत भिजलो तेव्हा तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. आणि आमच्या दोघांच्या मधोमध, काचेपलीकडे, ते मरत होतं. मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं नाही म्हणत मी. मी म्हणायचो, अजून एक गुरुवार. एवढं मोठं कोरल, एका आठवड्यात काय होतंय.

एक्स-रेवाले शेवटचे दुकानात आले होते ना — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगायचं नव्हतं — गळ्याभोवती मफलर, उन्हाळ्यात. आवाज गेलेला. म्हणाले, 'हिला यातलं काही कळत नाही. मी नसताना विचारायला येईल. नीट सांगा. काही विकू नका तिला, सांगा फक्त.' मी म्हटलं, काय हे बोलणं, तुम्हीच याल की. हातावर हात ठेवला होता त्यांनी माझ्या. थंड हात. असो.

मग शनिवार उजाडला, सत्तावीस तारीख. बाई दुकानात होत्या, त्या तिथं मागं, गोगलगायी बघत. आणि दारातून आवाज — पुलावरून बोलल्यासारखा! 'काय हो, गेला का माझा तो चावरा? कुणाच्या गळ्यात मारलात?' इंजिनिअर. मी डोळ्यांनी खुणा करतोय, मान हलवतोय, पण त्या माणसाला खुणा कळत असत्या तर तो पूल बांधत बसला असता का? अजून वर म्हणतो, 'शेपटीला खाच पडली होती ना, भरली का?' मग बाई पुढं आल्या. चिडल्या? छे. अतिशय नम्रपणे त्यांनी इंजिनिअरना विचारलं, मासा केव्हा परत केलात, का परत केलात, खाच कुठल्या बाजूला होती. तो गडी खूश, बायको घरी ऐकून घेत नसेल, सगळं तपशिलात सांगितलं. बाईंनी वही काढून उभ्या उभ्या लिहिलं. मग त्यांना 'आभारी आहे' म्हणाल्या. मला काहीच म्हणाल्या नाहीत. दार उघडून गेल्या.

पाच दिवस, साहेब. ताई म्हणाली, 'तोंड का असं केलंयस, मासा अडकला का घशात?' तिला काय माहीत. मी ठरवलं, जायचं नाही. गुरुवारी गेलो. शर्ट? हो, इस्त्रीचाच. काय करणार, दुसरा नव्हता धुतलेला.

दार उघडं होतं. टाकीशेजारी बादली, बादलीत मासा. शेपटी दाखवत फिरत होता, मजेत. टाकीतला दगड एकही हललेला नव्हता. पाणी जमिनीवर एक थेंब नाही. टेबलावर काचेची बरणी, तिच्या तोंडाला दोरा आणि जाळीचं झाकण. मी बघत राहिलो तर म्हणाल्या, 'चार दिवस त्याला बरणीतच खायला घातलं. पाचव्या दिवशी दोरा ओढला.' बस्स. ज्याला मी चार गुरुवार पकडत होतो. मग म्हणाल्या, 'बसा.' पण या वेळी खुर्ची नव्हती ती, म्हणजे खुर्ची होती हो, टाकीसमोरची नव्हती, जेवणाच्या टेबलाची. समोर त्या. वही उघडली, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. 'चौदा तारीख. दुकानदार म्हणाले, छे हो, हा मासा गरीब आहे, गाय आहे गाय. एकवीस तारीख. दुकानदार म्हणाले, कोरल म्हातारं झालंय, माशाचा दोष नाही.' आवाजात राग नाही, टोमणा नाही, काहीच नाही. कोर्टात वाचतात तसं. माझी वाक्यं, माझ्याच शब्दांत, माझा 'हो' सुद्धा जिथल्या तिथं. 'चार तारीख. दुकानदारांनी जाळी तीन वेळा घातली. दुकानदार हसले.' साहेब, शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, शिव्यांना माणूस उत्तर देतो, नाहीतर खाली मान घालतो. याला काय करणार? ते सगळं खरंच होतं. पंचवीस तारखेपर्यंत वाचलं त्यांनी. मग सत्तावीस, इंजिनिअरचं म्हणणं. मग पान उलटलं, कोरं पान, पेन्सिल हातात घेतली.

आणि विचारलं, 'का केलंत?'

एवढंच. बघत राहिल्या माझ्याकडे. आणि बघणं असं की — कसं सांगू तुम्हाला — उत्तर हवंय म्हणून बघत होत्या. खरंच हवं होतं. मी टाकीकडे पाहिलं. ताटाएवढ्या कोरलातलं हिरवं किती उरलं होतं सांगू? माझ्या अंगठ्याएवढं, एका कडेला. बाकी सगळं पांढरं, स्वच्छ, वळ्यावळ्यांचं. एक्स-रे असतो ना, तसं. सांगता आलं असतं हो. चार शब्द होते. चार नाही, तीनच. छप्पन्न वर्षांच्या माणसाला तीन शब्द बोलता येत नाहीत असं थोडंच आहे, मी दिवसभर बोलतच असतो, तुम्ही ऐकताच आहात. पण ते शब्द बोलले की त्यांच्या वहीत जाणार, तारखेसकट, दुकानदार म्हणाले की अमुक. त्या पांढऱ्या सांगाड्यासमोर बसून. त्या माणसानं जपलेलं एकोणीस वर्षांचं कोरल मारलं आणि वर हे कारण सांगायचं? मी म्हटलं, 'दुकानात जागा नव्हती. परत आलेला मासा होता, खपत नव्हता. खपवला.'

पेन्सिल हलली नाही. 'एवढंच?' म्हणाल्या.

'एवढंच,' म्हटलं मी. 'धंदा आहे बाई.'

मग लिहिलं त्यांनी. दोन-तीन वाकड्या टाचण्या, बस्स, त्यात मी मावलो. म्हणजे बघा हां साहेब, लुच्चा म्हणून लिहून घेतलं, चालेल म्हटलं, पण ते दुसरं नको. माणूस किती हलकट असतो बघा, लबाड ठरायला तयार होतो पण हसं व्हायला तयार होत नाही. वही मिटली त्यांनी, चष्मा काढला. पुसत बसल्या थोडा वेळ. मग म्हणाल्या, 'बरं. मला वाटलं होतं—'

आणि थांबल्या. बत्तीस वर्षं लोकांची वाक्यं शेवटच्या शब्दापर्यंत लिहिणारी बाई, आणि स्वतःचं वाक्य तिथंच टाकून उठल्या. बादली आणली, माझ्या हातात दिली. 'बादली परत करायची गरज नाही,' म्हणाल्या. मी चार मजले उतरलो, एका हातात बादली, शर्टावर पाणी सांडतंय.

त्या माशाला काय होतंय! असल्यांना कधी काही होत नाही. दोन वर्षं होता माझ्याकडे, मागच्या टाकीत, नुसत्या दगडांत, म्हातारा होऊन मेला. बाई आता पलीकडच्या रस्त्यावर जातात, तिथं एका नव्या दुकानदारीणबाईंचं दुकान आहे, चांगल्या आहेत, प्रामाणिक वगैरे. त्याच सांगत होत्या, ते अंगठ्याएवढं होतं ना, ते जगलं म्हणे. सांगाड्यावरनं परत पसरतंय, वर्षाला बोटभर. मी बरं म्हटलं. काय म्हणणार? ताईनं एकदाच विचारलं, गुरुवारचं जात नाहीस का रे आता? मी म्हटलं, त्यांना सगळं येतं आता. तिनं पुढं विचारलं नाही. तिची जीभ, पण तिनं नाही विचारलं.

काय?

काय वाटलं होतं म्हणजे? मला काय माहीत काय वाटलं होतं त्यांना! मी विचारलं नाही. नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तुम्ही काय, आता पलीकडच्या रस्त्यावर जा आणि विचार म्हणून सांगणार मला? तुम्ही चावेल का विचारायला आलात ना? मग तेवढं विचारायचं. लोकांना जरा दोन शब्द सांगावेत तर डोक्यावरच बसतात. काय वाटलं होतं म्हणे. वाटलं असेल काहीतरी. मासा लहान आहे वाटलं असेल, मी लुच्चा आहे वाटलं असेल, पाऊस येईल वाटलं असेल — वाटतं माणसाला, सगळंच काही बोलायचं नसतं.

नाही, आज विक्री नाही. मला मागच्या टाकीचं पाणी बदलायचंय. या तुम्ही. दार जरा वर उचलून ओढा, खाली घासतं — अजून — अजून वर. हं. लागलं.